सासरेबुवा, शेणाचा टँकर आणि नोटार

आमच्या गोठ्यात दोन गोष्टी रोज न चुकता साचतात, शेण आणि किस्से! शेणासाठी जमिनीखाली टाकी आहे, किश्श्यांसाठी काहीच सोय नाही. मग पुण्याहून कुणाचा फोन आला की मी एक सांगायला घेतो, आणि तो संपेपर्यंत मागे दुसरा तयारच असतो. मित्र म्हणाले, "अमेय, लिहून काढ एकदाचे." तर घ्या.

मी मूळचा कोथरूडचा. आता जर्मनीत. आठवड्यातले तीन दिवस वाल्डॉर्फ गावी एका सॉफ्टवेअर कंपनीत असतो, उरलेले दिवस बायकोच्या माहेरी. म्हणजे आमच्या घरीच, कारण आम्ही तिथेच राहतो. माझी बायको कातरिन, सासरे हेर्मान, सासूबाई गेर्डा आणि सत्तर गाई. कातरिन एकुलती एक. फार्म तिच्या नावावर करायचा हे केव्हाच ठरलंय, कागद नोटारकडे, म्हणजे इथल्या दस्त करणाऱ्या वकिलाकडे, तयार आहेत. फक्त सासरेबुवांची सही बाकी होती, आणि ती दोन वर्षं बाकी होती!

अडलं कुठे, तर कातरिनने आणलेल्या नव्या यंत्रावर. गाईंचं शेण-मूत इथे टाकीत पातळच साठवतात, त्याला ग्युल्ले म्हणतात. सासरेबुवांनी जन्मभर ते टँकरमधून हवेत उडवून रानावर पसरलं. नव्या यंत्राला मागे लोखंडी फण असतात, आपल्या पाभरीसारखे. फण जमिनीत चर पाडतात, नळ्यांतून ग्युल्ले चरात जातं आणि मागून माती ओढली जाते. खत वाया जात नाही, वासही फारसा येत नाही.

"जमिनीला इंजेक्शन? ती काय आजारी आहे?" सासरेबुवा म्हणाले. मग त्यांनी अट घातली. आधी लांबच्या रानात शिका. मला पटलं तर घरामागचं रान देईन. ते धड झालं, तरच सही.

कातरिन पहाटेपासून गोठ्यात राबते. "माझ्याच घरात मला नोकरासारखं वाटतं," असं ती एकदा रडत रडत म्हणाली होती. तेव्हापासून ते यंत्र मीही मनावर घेतलं.

* * *

आपल्याकडे जावई आला की पाटावर बसवून श्रीखंडाची वाटी पुढे करतात. मला सासरेबुवांनी रबरी हातमोजे दिले!

ग्युल्ले रानात न्यायच्या आधी टाकी ढवळावी लागते. ढवळताना विषारी वायू सुटतो. म्हणून गाई बाहेर काढायच्या, सगळी दारं सताड उघडायची आणि आत कुणी पाऊल टाकायचं नाही. हे सगळं ऐकून मी माझ्या सवयीप्रमाणे विचारलं, "याचं कुठे डॉक्युमेंटेशन आहे का?"

सासरेबुवांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हे काय, समोर उभं आहे. विचार!"

* * *

पहिल्या वर्षी लांबच्या मक्याच्या रानात आम्ही यंत्र घातलं. मी जीपीएसवर सगळ्या रेषा आखून दिल्या. ट्रॅक्टर असा सरळ गेला की मी स्वतःच स्वतःचे फोटो काढून घेतले. वरून मका पेरला आणि मी निवांत झालो.

जुलैमध्ये रानाच्या मधोमध एक पिवळा पट्टा दिसायला लागला. इकडून तिकडे, एकदम सरळ! दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर गेलेला हिरवागार मका, आणि मध्ये गुडघ्याएवढी पिवळी रोपं. एक नळी तुंबलेली असणार आणि शेवटच्या फेरीत ते कुणाच्या लक्षात आलं नसणार, हे उघड होतं. कातरिनने नळी खोलली. आत रबरी हातमोजा निघाला. उजव्या हाताचा, आणि माझाच! टाकी ढवळताना माझा एक मोजा हरवला होता आणि मी लाजेखातर कुणाला बोललो नव्हतो.

सासरेबुवा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं! ते गावातल्या एकेकाला घेऊन यायचे, तो पट्टा दाखवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "ही इंडियन आउटोबान. आमच्या जावयाने बांधली."

मका कापेपर्यंत त्या आउटोबानवर, म्हणजे हायवेवर, सगळं गाव येऊन गेलं. सही अर्थातच एक वर्ष पुढे गेली. त्या हिवाळ्यात मी नळ्या इतक्या वेळा साफ केल्या की मला त्यांची लांबी पाठ झाली.

* * *

मधल्या काळात माझी आई आली. तिला गोठा दाखवला. सत्तर गाई, दूध काढायचं यंत्र, शेण ओढून नेणारी पट्टी, खाली टाकी. आईने सगळं नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "अरे, सत्तर गाई आणि घरात एक गोवरी नाही?"

मी ते सासरेबुवांना सांगितलं. गोवरी म्हणजे काय, कशी थापतात, कशी वाळवतात, सगळं त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. पाच दिवसांनी ते जेवणाच्या टेबलाशी आले, हातात केकचा डबा. बॉयलरवर ठेवून वाळवलेली गोवरी, एकदम गोल, खाली जाळीदार कागद! आईचे डोळे भरून आले.

"अहो व्याही, तुमच्या हाताला काय वळण आहे!" ती मराठीतच म्हणाली.

मी भाषांतर केलं. सासरेबुवा लाजले आणि मग कातरिनकडे वळून म्हणाले, "बघ. शेण हाताने करायची गोष्ट आहे."

झालं! आईने आमचा खटला आणखी महिनाभर मागे नेला.

* * *

दुसऱ्या वर्षी एकदा ऑफिसचा अर्जंट कॉल आला. मी ट्रॅक्टर बांधावर थांबवला आणि केबिनमधूनच व्हिडिओ लावला. माझी मॅनेजर बोलतेय, बोलतेय, थांबायचं नाव नाही. आभाळ भरून येत होतं आणि टँकर अर्धा बाकी होता. तेवढ्यात सासरेबुवा पायरीवर चढले आणि खिडकीतून थेट स्क्रीनमध्ये डोकावले.

"गुटन टाग. तुमच्याकडे गाई किती?"

मॅनेजर गडबडली. "अं... एकही नाही."

"मग आटपा!"

मीटिंग दोन मिनिटांत संपली. पाऊस यायच्या आत टँकर रिकामा झाला. त्यानंतर मॅनेजर मला कॉल करायच्या आधी मेसेज करते, "तुझे सासरे आहेत का जवळ?"

* * *

त्या वर्षी मका एकसारखा आला. एवढा एकसारखा, की मी रोज संध्याकाळी उगीचच चक्कर मारून यायचो.

एक दिवस शेजारचा शेतकरी ओटो आमच्या गोठ्याच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. हाच ओटो आउटोबान बघायला दोनदा आला होता! लांबच्या मक्याकडे बोट दाखवत तो सासरेबुवांना म्हणाला, "हेर्मान, ते खेळणं एक दिवस देतोस का?"

मी गोठ्याच्या दारात, कातरिन माझ्या शेजारी. दोन वर्षं त्या यंत्राला शिव्या घालणारे सासरेबुवा ताठ उभे राहिले.

"खेळणं? फण वाकवून ठेवशील. चालवायला आमचा जावई येईल. तो म्हणेल तेव्हा, तो म्हणेल तसं."

आमचा जावई! मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या गाईलाच मिठी मारली. तिने शेपटीचा एक फटका दिला, पण तो गोड वाटला.

रात्री जेवताना सासरेबुवा बटाटा सोलत म्हणाले, "मार्चमध्ये घरामागचं रान घ्या. सहीचं नंतर बघू."

* * *

आणि आता या मार्चमधलं.

आमच्या गावात एक पद्धत आहे. ज्या दिवशी ग्युल्ले टाकायचं, त्या सकाळी शेतकऱ्याची बायको वाऱ्याच्या दिशेच्या घरांना फोन करते. धुणं आत घ्या, खिडक्या लावा. सासूबाई लग्न झाल्यापासून हे करत आल्यात. अकरा घरं, अकरा फोन. आणि घरामागचं रान असलं की त्या दिवशी आमच्याकडेही धुणं बंद! दोरी थेट रानाच्या कडेलाच आहे.

उजाडलं तसं कातरिनने यंत्र रानात घातलं. मी दुसऱ्या टँकरने टाकीतून ग्युल्ले पोचवत होतो. प्रत्येक फेरीला खाली उतरून सगळ्या नळ्या हाताने चाचपत होतो. हातमोजे दोन्ही हातांत आहेत ना, हेही बघत होतो! सासरेबुवा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. ते यायच्या आत उरकलं पाहिजे, एवढंच आमच्या डोक्यात होतं, कारण मागे उभं राहून ते नुसतं "हं" म्हणाले तरी मी सगळ्या नळ्या पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागतो.

अकराच्या सुमाराला ते परत आले. अंगणात खुर्ची ओढून बसले, नाक वर करून वारा बघितला आणि वैतागले.

"अजून सुरुवात नाही? दुपारी वारा फिरेल! करताय काय तुम्ही?"

"झालं, पपा," कातरिन म्हणाली. "सगळं रान झालं."

"काहीतरीच! वास कुठे आहे?"

कुदळ घेऊन ते तरातरा मागच्या बाजूला निघाले. आम्ही दोघं त्यांच्या मागे. घराचा कोपरा वळले आणि जागीच थांबले. दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धुणं! चादरी, अभ्रे, टॉवेल, आणि मधोमध सासरेबुवांचा पांढरा शर्ट, नोटारकडे जायचं म्हणून शिवून आणलेला आणि कपाटात राहून डाग पडलेला. सासूबाई शेवटचा चिमटा लावत होत्या.

"गेर्डा! डोकं फिरलंय का तुझं? लोकांना फोन केलेस?"

"एकही नाही," सासूबाई म्हणाल्या आणि रिकामी बादली उचलून बाजूला झाल्या.

सासरेबुवांनी कुदळ भिंतीला टेकवली. रानात जाऊन एका चरापाशी वाकले, मूठभर माती उकरली, बघितली, परत दाबून टाकली. मग दोरीपाशी आले. पँटला हात पुसले, शर्ट काढला आणि तोंडाशी धरला. पुढून वास घेतला. उलटा करून मागून घेतला. मग कॉलरचा, मग दोन्ही बाह्यांचा. कातरिनने माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिची नखं रुतत होती.

सासरेबुवांनी अंगातलं जाकीट काढून दोरीवर टाकलं, तो शर्ट अंगात चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.

"हेर्मान, ओला आहे तो!" सासूबाई ओरडल्या.

"वाटेत वाळेल," सासरेबुवा म्हणाले. "कातरिन, नोटारला फोन लाव."