भामाबाईचं कुलूप

भामाबाईच्या घराला कुलूप दिसलं, म्हणून बालकल्याण कचेरीच्या साहेबांनी तीन अनाथ भावंडांची फाटाफूट करायचं ठरवलं. दोघी बहिणी एका गावच्या बालगृहात, भाऊ दुसऱ्या गावच्या. पोरींचं वेगळं, पोरांचं वेगळं, असा नियम हाय म्हणे.

लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेले होते, तिकडंच ट्रॅक्टर उलटून मेले. सुजाता अकरा वर्षांची, मिलिंद सात, गौतमी चार. शेजारच्या भामाबाईनं त्याच दिवशी तिघांना आपल्या वाकळीत घेतलं. तिघांच्या संगोपनाचा अर्ज मी लिहिला. मी सातवी नापास, पण माझा अर्ज आजवर कुणाची छाती झाली नाही परत करायची.

त्यात दुष्काळ. दूध संस्थेनं केजच्या रस्त्याला चारा छावणी उघडली. गाय छावणीत, तर माणूसही तिथंच पाहिजे, हा संस्थेचा नियम. भामाबाई गाय-वासरू आणि लेकरं घेऊन तिथं राहायला गेली. साहेब गावात आले, कुलूप पाहिलं, ‘अर्जदार घरी राहत नाही’ असं लिहून गाडीत बसले. शेजारी विचारायला तोंड दुखलं असतं.

मी भामाबाईला घेऊन कचेरी गाठली.

“छावणी म्हणजे घर नव्हे,” साहेब म्हणाले.

“तिथं वासरू गाईजवळच बांधत्यात, साहेब,” भामाबाई म्हणाली. “लांब नेलं तर हंबरून जीव देतील दोघं. तेवढं ढोराच्या डाक्टरला कळतंय.”

“बाई, नीट बोला.”

“ती नीटच बोलतीय,” मी म्हणालो. “वाकडं बोलायला मी आलोय.”

साहेबांनी आठ दिवस दिले. घर उघडं दिसलं पाहिजे.

घर उघडायचं तर छावणी सोडायची. गावात ना चारा, ना पाणी. गाय जगणार कशी? भामाबाईनं दावं छावणीतल्या शेजारणीच्या, सरूबाईच्या हातात दिलं. “वासरासकट ने. माघारी मागनार न्हाई.” घरात दूध देणारं तेवढंच जनावर होतं.

आठव्या दिवशी साहेब आले. सुजाता टँकरवरून घागर घेऊन आली होती. “कुठं राहायचंय तुला?” त्यांनी विचारलं.

“तिघं एका जागी. कुठंबी.”

सहा महिन्यांचा हुकूम मिळाला. पुढं परत तपासणी. म्हणजे सहा महिने भावंडं, मग बघू. या साहेबाला घरी भाऊ-बहीण आहेत की नाही, देव जाणे.

भामाबाईनं कुलूप कोरड्या आडात टाकलंय. या म्हणावं तपासायला.