नानांचं तरंगणारं यंत्र

दुकानात शिरल्या शिरल्या नाना पाण्याची बादली मागायचे. ग्लास नव्हे, बादली. जागा दाखवणारं, हातात मावणारं जीपीएस यंत्र त्यांना घ्यायचं होतं आणि पाण्यात टाकून पाहिल्याशिवाय घ्यायचं नव्हतं. दुकानदार आधी हसायचा, मग चिडायचा आणि शेवटी माझ्याकडे बघायचा. नाना पुंडलिकनगरमधले माझे शेजारी आणि मोटारसायकल माझी, एवढाच माझा गुन्हा.

यंत्र जमिनीवरही चाललं पाहिजे आणि पाण्यावरही, ही त्यांची अट. त्याला कारण होतं. नानांचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं, आणि त्याबरोबर शेतातला म्हसोबा, म्हणजे बांधावरचा शेंदूर फासलेला दगड, तोही गेला. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की तो उघडा पडतो. नव्वदीला टेकलेल्या त्यांच्या आई, आम्हा शेजाऱ्यांच्या आजी, दर उन्हाळ्यात त्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवत. ज्या वर्षी पाणी हटायचं नाही, त्या वर्षी होडीतून.

असाच एकदा नानांनी होडीतून अंदाजानं नैवेद्य सोडला आणि होडीवाल्यानं तिथं खुणेचा बांबू रोवला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, तर बांबू चुलत्यांच्या शेतात उभा. ज्या चुलत्यांशी याच बांधावरून कोर्टकचेरी झालेली, त्यांच्या शेतात! आजींनी अन्न सोडलं. नानांनी हातापाया पडून जेवायला बसवलं, तेव्हा म्हणाल्या, "माझं डोळं मिटायच्या आत पाण्यातबी निवद नीट जागंवर पोचू दे."

त्यानंतर आमचे रविवार दुकानांत जाऊ लागले. नाना आयुष्यभर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल तपासायला होते. नापास करणं हाडामांसात भिनलेलं. एकाचा पडदा उन्हात दिसत नाही, नापास. एकाला ओल्या बोटांचा स्पर्श कळत नाही, नापास. एक बादलीत बुडालं, आणि दुकानदारानं आम्हाला बाहेर काढलं. मी कळवळून सांगितलं की हे सगळं मोबाईलवर होतं, फुकट होतं.

"मोबाईल पाण्यात पडला की तळाला जातो, दिनू," नाना म्हणाले. "तळाला आमचं आधीच लई काय काय हाय."

उन्हाळे येऊन गेले. दगड वर आला, पुन्हा बुडाला, नानांचं काही ठरेना. शेवटी मी भडकलो. आजी तुमच्या यंत्रासाठी थांबणार आहेत का, असं तोंडावर विचारलं.

"थांबंल ती. घाईत एकदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकलो तर तिला तोंड दाखवायला जागा नाय."

अखेर एक पिवळंधमक, बोजड यंत्र पास झालं. त्या उन्हाळ्यात नानांनी दगडापाशी उभं राहून बटण दाबलं आणि जागा यंत्रात साठवली. मग दूर जाऊन, यंत्र बघत परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. मी उन्हात करपत होतो. बटण कुठलं, बाण कसा वाचायचा, हेही त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं घोकायला लावलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात नाना गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत. ज्याला कशाचीच घाई नव्हती, त्या माणसानं इथं मात्र घाई केली.

यंदा उन्हाळ्यातही धरणाचं पाणी हटलं नाही. आजींनी मला बोलावून घेतलं आणि पदराखालून ते यंत्र काढून दिलं.

होडीत मी बाण बघत होतो. वारा सुटला, होडी डचमळली, आणि यंत्र हातातून निसटून पाण्यात गेलं. माझ्या तोंडून शिवी निघाली. आजींकडे बघायची हिंमत होईना.

आजी शांत होत्या. "पडू दे," म्हणाल्या. "त्यानं बघूनच घेतलंय ते."

पिवळा डबा लाटेवर डुलत होता. होडीवाल्यानं वल्ह्यानं जवळ ओढला. बाण चालूच होता.

आम्ही जागेवर पोचलो. आजींनी नैवेद्य सोडला. नानांचा मला इतका राग कधीच आला नव्हता. हे बघायला त्यांनी असायला हवं होतं.