सैल खुंटी

विठोजी पियानो लावत असे, वाजवत नसे. "अण्णा, एखादं गाणं होऊन जाऊ दे," असं कुणी म्हटलं की तो कानाला हात लावी. त्याला खरोखरच एकही गाणं येत नव्हतं. खुंट्या मात्र त्यानं जन्मभर पिळल्या.

मथुरा होती तोवर रात्री जेवताना दिवसभराचं सांगायला बायको समोर असे. ती गेली आणि बेंगळूरच्या हलसूर भागातल्या त्या घरातलं मराठीच बंद पडलं. शेजारी कन्नडमधून जेवण झालं का विचारत, हा "आयतु", म्हणजे झालं, एवढंच म्हणे, की संपलं बोलणं. त्यात शहाण्णव साल उजाडलं. छावणीतले जुने बंगले पडत होते, पियानो मिळेल त्या भावाला जात होते, आणि पोरंबाळं बॅटरीवरच्या कीबोर्डांवर खूश होती.

राहता राहिलं इंदिरानगरातलं भव्याचं घर. तिच्या सासऱ्यांनी हौसेनं घेतलेल्या पियानोवर तिची लेक चंदना शिकत होती. घरात सगळे मराठी बोलत, आणि विठोजीची जीभ तिथं अशी सुटे की काम बाजूलाच राही.

"पियानोच्या आधी तारांची एक पेटी होती," तो चंदनाला सांगे. "तिच्यात पिसाचं टोक तार छेडायचं. तू रागानं दाब नाहीतर लाडानं, आवाज तेवढाच. दुसरीत पितळेची पट्टी तारेला टेकायची. तिच्यात लहान-मोठा आवाज निघायचा, पण इतका नाजूक की पलीकडच्या खोलीत पोचायचा नाही. मग इटलीतल्या एका कारागिराला सुचलं, की तारेवर हातोडी मारायची आणि लगेच मागं घ्यायची. तिथंच ठेवली तर तार गप्प."

"म्हणजे मारून पळायचं!" चंदना खिदळली. भव्या कॉफी घेऊन आली तीही हसली. विठोजीला वाटलं, हे घर सोडून कुठं जाऊच नये.

आणि इथंच या भल्या माणसाची मती फिरली. पियानोत मधल्या एकेका सुराला तीन तारा असतात आणि तिन्ही एकजीव लागाव्या लागतात. तार सुरात आली की खुंटी घट्ट बसवायची, हा साधा नेम. विठोजीनं त्या दिवशी एक खुंटी मुद्दाम बसवली नाही. काही दिवसांत तार उतरली, सूर कापरा झाला, आणि भव्याचा फोन आला. ठेवणीतला शर्ट घालून स्वारी हजर! ती खुंटी नीट केली आणि दुसरी सैल सोडली. पुढं हे चालूच राहिलं. जादा फेरीचे पैसे तो घेईना. "बेंगळूरची हवाच अशी हो, लाकूड ओल धरतं," असं तोंड वर करून सांगे.

मग फोन यायचा थांबला. वाट पाहून पाहून तो पिशवी घेऊन आपणच गेला. पियानोची भिंत मोकळी होती. तिथं घोडीवर कीबोर्ड मांडला होता.

"बरं झालं आलात, अण्णा," भव्या म्हणाली. "पियानो देऊन टाकला. पोरीची परीक्षा तोंडावर, आणि हा दर वेळी सूर सोडतोय. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, याच्यात आता जीव नाही. तुम्हालाही किती हेलपाटे पडायचे! याला लावायला लागत नाही. बसा, स्वल्प कॉफी घ्या."

कॉफी आली. विठोजीनं कप तसाच खाली ठेवला. धडधाकट पियानो मेला म्हणून घरातून गेला होता, आणि त्याच्यावरचा आळ ऐकून हा गप्प बसणार होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

"भव्याअक्का, पियानो चांगला होता. खुंट्या मीच सैल ठेवत होतो."

"काय?" ती उभीच राहिली. "पण का, अण्णा?"

"तुम्ही बोलवावं म्हणून. मथुरा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही."

भव्याचा चेहरा लाल झाला. "मामंजींचा जीव होता त्या पियानोवर," ती म्हणाली. ती मोकळ्या भिंतीकडे वळली. विठोजीनं पिशवी उचलली आणि तो दारापर्यंत गेला, तेव्हा तिचा आवाज मागून आला.

"नुसतंच यायचं होतं की, अण्णा."