डावी बाजू त्याची

आमच्या गाडीच्या मधून एक बांध जातो. दिसत नाही, पण आहे. बॉनेटच्या नाकापासून डिकीच्या कुलपापर्यंत, अगदी सरळ. उजवी बाजू माझी, डावी माझ्या मित्राची.

सांगलीला कॉलेजात असताना आम्ही दोघांनी मिळून ही दोन दारांची गाडी घेतली. तेव्हाच ती म्हातारी होती. आता लोक तिला ‘क्लासिक’ म्हणतात. काहींना म्हातारपण मानवतं. मित्र म्हसवडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. गाडी खोलीसमोर उभी राहिली तसा तो खडू घेऊनच पुढे आला.

“आदी वाटणी करू. सामायिक ठिवलं की कोर्ट हुतंय. आमच्या चुलत्यांचं अजून चाललंय.”

“अरे, गाडीची कसली वाटणी?”

“गप उभा ऱ्हा. ही मधनं रेघ. ह्यो आपला बांध.”

रेघ ओढून झाली आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की स्टिअरिंग माझ्या वाट्याला गेलं. तो चेहरा मला अजून जसाच्या तसा करून दाखवता येतो. मी मोठ्या मनाने म्हणालो, “स्टिअरिंगपर्यंत तुला वहिवाट देतो. पण शिरायचं तुझ्याच दारातून.” आणि हा पठ्ठ्या खरोखर डाव्या दाराने आत शिरून, गिअरच्या दांड्यावरून तंगडी टाकून पलीकडे बसायचा. गल्लीतली माणसं कामं टाकून बघायची. इंजिन तेवढं सामायिक ठेवलं, विहिरीसारखं.

नियम एकच. ज्याच्या वाट्यात बिघाड, त्याने हात काळे करायचे. पुढे तो फौजेत गेला, गाडी माझ्याकडे साताऱ्याला आली, तरी नियम मोडला नाही. सुट्टीवर आला की आधी आईच्या पाया पडायचा आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्यात येऊन गाडीखाली शिरायचा. फक्त डाव्या बाजूला. उजवीकडचा नट सैल दिसला तर पाय बाहेर ठेवून ओरडायचा, “मालक, तुमचं रान बघा जरा!”

या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे शाफ्ट आहेत. प्रत्येक शाफ्टात एक क्रॉस असतो. अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, चार टोकांना चार टोप्या. त्यांना कप म्हणतात. त्याच्या जिवावर चाक खड्ड्यात खालीवर होतं आणि फिरतंही. तो झिजला की क्लच सोडताना मागून ‘टक्’ असा आवाज येतो. एकदा कोयनानगरच्या चढावर मित्राच्या बाजूचा क्रॉस असा काही वाजायला लागला, की चहावाला हातातला ग्लास टाकून मोकळ्यावर पळाला. भूकंपाच्या गावात आणखी काय होणार! ही गोष्ट सांगताना मी दरवेळी पळणारा एक माणूस वाढवतो. मागच्या वेळी अख्खं गाव पळालं होतं.

फौजेतली नोकरी संपल्यावर मित्र डेहराडूनकडे एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघायला लागला. घर तिकडेच झालं. आई गेली आणि मग गावाकडे येण्याला निमित्तच उरलं नाही. पत्ता बदलावा तसा तो हळूहळू फोनमध्ये राहायला गेला.

यंदा दोन्ही क्रॉस एकदम गेले. मी नवी जोडी आणली आणि पडवीतच गाडी स्टँडवर चढवली. शेजारचे मिस्त्री हातोडा घेऊन आले. उजवा शाफ्ट काढला, कप निसटू नयेत म्हणून बसवलेली लॉकं त्यांच्या खास पकडीने काढली, शिकंज्यात धरून जुने कप ठोकून बाहेर काढले. ग्रीस कधीच वाळून गेलेलं, आत नुसती तांबूस भुकटी. नव्या कपात सुईएवढे रोलर ग्रीसमध्ये उभे असतात. एक जरी आडवा पडला तर कप पुरता बसत नाही आणि लॉक जात नाही. माझा पडलाच. मिस्त्री म्हणाले, “साहेब, त्याला भाषण नका देऊ, परत काढा.” दुसऱ्या खेपेला बसला.

मिस्त्रींनी डाव्या शाफ्टाकडे हात नेला. मी ओरडलो, “थांबा! ती बाजू माझी नाही.”

“मग काय व्याह्याची हाय?”

मी मित्राला फोन लावला. दुसऱ्या चाकाकडे कॅमेरा फिरवून म्हणालो, “मालक, तुमचं रान पडीक पडलंय.”

तो हसला. मग म्हणाला, “तूच टाक की रं. माझं आता कुठलं येणं हुतंय, गड्या! गुडघं वाजत्यात त्या क्रॉसवानी. हक्कसोड समज.”

हक्कसोडीच्या सह्या मी लहानपणापासून पाहिल्यात. सही करणारा चहा पितो, सगळ्यांशी गोड बोलतो, उठतो आणि पुढच्या खेपेला त्याच घरात पाहुणा म्हणून येतो. “बरं,” एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

मग डावा शाफ्ट मीच काढला. जुना क्रॉस ठोकून काढला, नवा घातला. एक कप बसवला, दुसरा, तिसरा. चौथा परत डबीत ठेवला. मिस्त्री आ वासून बघत राहिले. “एकाच कपासाठी गाडी लटकत ठिवणार? लय अवघड हाय तुमचं!”

तीन कपांच्या त्या शाफ्टचा फोटो मी मित्राला पाठवला. खाली लिहिलं, “हक्कसोड नामंजूर. चौथा कप मालकाच्या हातचा. तोवर गाडी स्टँडवर.”

उत्तर आलं नाही. पडवीतून जाताना मी उगाच डाव्या दाराची मूठ पुसायचो, फोन उलटा ठेवायचो, परत सुलटा करायचो. बायको म्हणाली, “अहो, स्थळाचं उत्तर यायचंय का?”

एका संध्याकाळी फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“लॉकाची पक्कड हाय का रं तुज्याकडं?”

माझ्याकडे दोन आहेत. समोर खिळ्यालाच लटकत होत्या.

“नाही रे,” मी म्हणालो. “एकसुद्धा नाही.”

“लबाडा,” तो म्हणाला. “बरं. मग माझी आणावी लागंल.”

कधी, ते न सांगताच त्याने फोन ठेवला. मी दोन्ही पकडी खिळ्यावरून काढल्या आणि माळ्यावर लपवून ठेवल्या.