काठवाल्या नीलक्काची जुनी डिस्क

गदगला लागून असलेल्या बेटगेरीच्या विणकर आळीत नीलांबिका गुडगेरी कुठं राहते असं विचारलं तर लोक विचारात पडतात. काठवाली नीलक्का म्हटलं की मात्र हातातला धागा न सोडता मानेनंच घर दाखवतात. बाईचा रागही आळीला ठाऊक आहे. तो रागीट लोकांचा असतो तसा उठसूट येणारा नाही. वर्षातून दोनदा येतो, पण आला की मुक्कामाला येतो.

नीलक्का सासरी आली ती मागावर बसायलाच. पस्तिशीत गुडघे गेले आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं संपलं. घरात बसून कांड्यांवर सूत भरत राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं विणकर सोसायटीतला कॉम्प्युटरवर नक्षी काढायचा वर्ग केला, पंचवीस बाप्यांत एकटी बाई. मग एक जुना लॅपटॉप घेतला आणि गदगपासून रोणपर्यंत गावोगाव फिरू लागली. म्हाताऱ्या बायकांच्या ट्रंका उघडायला लावायच्या, तळाशी घडी घातलेली लुगडी काढायची, काठावर भिंग धरायचं आणि एकेक धागा मोजायचा. कुठला धागा वर, कुठला खाली. तेवढे चौकोन लॅपटॉपवर भरले की काठ उतरला. त्या चित्रावरून तिचा नवरा वीरप्पा मागासाठी पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं करून द्यायचा.

बारा वर्षांत तिनं एकोणीसशे काठ असे उतरवले. विंचवाच्या नांगीचा, बाजरीच्या कणसाचा, दोन बोटांचा आणि वीतभर रुंदीचा. प्रत्येक चित्राला नाव दिलेलं: गाव, बाईचं नाव, साल. त्यातली निम्मी लुगडी पुढं बोहारणीकडे गेली आणि त्यांच्या बदल्यात घरात स्टीलचे डबे आले. म्हाताऱ्याही गेल्या. काठ उरले ते नीलक्काच्या लॅपटॉपात.

तो लॅपटॉपही म्हातारा झाला. सकाळी बटण दाबून ती चूल-भाकरी करायला जायची, चटणी वाटून परत यायची, तरी पडद्यावरचं ते गोल चाक फिरतंच असायचं. एखादा काठ उघडायचा म्हणजे पंख्याची घरघर अशी सुरू व्हायची की शेजारीण विचारायची, गिरणी लावली का गं? शेवटी वीरप्पा म्हणाला, स्टेशन रोडला महांतेश बडणी आहे, त्याला दाखव.

महांतेश तिशीचा, बोलायला गोड. त्याच्या 'अमोघ कॉम्प्युटर्स'च्या टेबलावर उघडी पडलेली आठ-दहा मशीनं कायम असायची. त्यानं लॅपटॉप चालू करून पाहिला आणि बंद केला.

"अक्का, मशीन म्हातारं नाही, आतली डिस्क म्हातारी आहे. ती काढून नवी एसएसडी बसवतो, थोडी रॅम वाढवतो. घोड्यासारखं पळेल. जुनी डिस्क मला द्या, तेवढे पैसे कमी धरतो."

"आणि आतलं?"

"आतलं सगळं जसंच्या तसं नव्यात येईल."

दाराशी जाऊन ती परत फिरली. पुन्हा विचारलं, आतलं सगळं येईल ना. महांतेश हसून म्हणाला, अक्का, रोजचं काम आहे माझं.

दोन दिवसांनी मशीन मिळालं. बटण दाबलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत पडदा उजळला. नीलक्का इतकी हरखली की दुसऱ्या दिवशी महांतेशच्या दुकानात तिनं अमीनगडचं करदंट, डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, नेऊन दिलं. पुढं कितीतरी दिवस तिला त्या करदंटाचाच जास्त राग येत होता.

तिसऱ्या दिवशी कोट्रेशप्पा नावाच्या विणकरानं बाजरीच्या कणसाचा काठ मागितला. नीलक्कानं लॅपटॉप उघडला. नातवाचे फोटो होते. विजेची बिलं होती. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका होत्या. काठ नव्हते. जिथं ती ते ठेवायची तो डी ड्राइव्हच नव्हता. तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तीनदा. कोट्रेशप्पा चहा पीत थांबला होता, त्याला ती म्हणाली, तू आता जा. तिचा आवाज ऐकून तो कप तसाच ठेवून गेला.

अर्ध्या तासात ती दुकानात होती. महांतेशनं आधी मशीन पाहिलं, मग तिच्याकडं.

"अक्का, मी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट आणलं. सगळ्यांचं तिथंच असतं. डीमध्ये काही आहे हे तुम्ही सांगितलं नाही."

"सगळं म्हणजे काय असतं रे तुझ्या भाषेत?"

तो टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागला.

"भाकरी मागितली आणि तू अर्धी आणून वर म्हणालास की उरलेली हवी होती हे बोलला नाहीत, तर मी काय समजायचं? जुनी डिस्क कुठाय?"

जुनी डिस्क भंगारात गेली, असं त्यानं सांगितलं. कुठल्या भंगारवाल्याकडं ते तिनं विचारून घेतलं आणि भर उन्हात तशीच तिथं गेली. भंगारवाल्यानं बसवण्णाची शपथ घेऊन सांगितलं, की बडणीच्या दुकानातून वर्षभरात एक तारही आलेली नाही. तेव्हा मात्र नीलक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक झाली असती तर एकवेळ ती शिव्या देऊन घरी गेली असती. पण हा तिच्या तोंडावर खोटं बोलला होता, आणि ते बोलताना तिचं करदंट खात होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती शटरपाशी उभी. उघडल्यावर आत शिरली, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि पिशवीतून पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. महांतेश म्हणाला, अक्का, असं काय करता. ती म्हणाली, तू तुझं काम कर, मी माझं करते. तिचं काम एवढंच होतं: जो येईल त्याला विचारायचं, आत काही ठेवण्यासारखं आहे का. तो हो म्हणाला की सांगायचं, "मग बाहेरूनच परत जा. इथं यंत्र धावतं, आतला माल राहत नाही." हे ती ओरडून सांगत नसे. पंक्तीत वाढणारी बाई विचारते तशा शांत आवाजात सांगे, म्हणून ते जास्त लागायचं. कॉलेजचा एक प्राध्यापक मशीन काखेत मारून उलट पावली गेला. महांतेशनं हात जोडले, मग आवाज चढवला, मग पोलिसांना बोलावतो म्हणाला. ती म्हणाली, बोलाव, मलाही तक्रार लिहायचीच आहे.

दुपारी ती तिथंच भाकरी आणि भरलं वांगं खायची. एक भाकरी त्याच्यापुढंही ठेवायची, कारण समोर उपाशी माणूस बसवून जेवणं तिला जमत नव्हतं. तो खात नसे. तिसऱ्या दिवशी त्यानं ती खाल्ली आणि खाली मान घालून खरं बोलला. डिस्क त्यानं पुसून, बाहेरून जोडता येईल अशी डबी लावून मुंडरगीच्या एका फोटो स्टुडिओला विकली होती.

"नवी म्हणून?"

"जवळजवळ नवी म्हणून."

"शटर ओढ," नीलक्का म्हणाली. "आत्ताच्या बसनं जायचं."

मुंडरगीपर्यंत बसमध्ये ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. महांतेशनं एकदा खिडकीकडची जागा देऊ केली, ती तिनं घेतली, तेवढंच.

स्टुडिओवाला फकिरेश जाडजूड, भित्रा माणूस निघाला. भिंतीभर नवरा-नवरींचे फोटो लावलेले. डिस्क त्याच्या टेबलावरच होती. पण परत द्यायचं नाव काढताच त्यानं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"माझी दोन लग्नं आहेत यात. एका घरचे लोक अल्बमसाठी रोज फोन करतायत."

"दुसरीकडं कुठं ठेवलीयस ती लग्नं?" नीलक्कानं विचारलं.

"दुसरीकडं म्हणजे?"

"कॅमेऱ्यात?"

कॅमेऱ्याची कार्डं त्यानं पुसली होती, पुढच्या लग्नासाठी. दुसरीकडं कुठंच नव्हती. मग नीलक्काचा तीन दिवस दुकानात दाबून ठेवलेला सगळा राग त्या परक्या माणसावर निघाला. लोकांच्या पोरींची लग्नं तू एका सेकंडहँड डबीत कोंबून ठेवतोस, उद्या ही डबी हातातून पडली तर त्या आईबापाला काय सांगणार, पुन्हा मांडव घाला म्हणून? तू आणि हा एकाच आव्यातली मडकी. दुसऱ्याचं ते तुम्हाला कचरा, नि तोंड मात्र साखरेचं. रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली.

बोलून झाल्यावर ती खुर्चीत बसली आणि महांतेशला म्हणाली, "याची लग्नं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून दे."

महांतेश दबकत म्हणाला, "अक्का, दीड तास जाईल. आणि आपलं काम..."

"त्या पोरींनी काय केलंय माझं?"

फकिरेशनं समोरच्या दुकानातून नवी डिस्क आणली. महांतेशनं बजावलं की जुनीवर आता एक फोटोही नवा टाकायचा नाही; जे नवं येतं ते जुन्याच्या उरावर बसतं. लग्नं उतरली, ती उघडून पाहिली, आणि मगच डिस्क नीलक्काच्या पिशवीत गेली. फकिरेशनं मिरची-भजी मागवली होती. ती तिनं खाल्ली नाहीत.

गदगला परतल्यावर पुढचे चार दिवस महांतेशनं दुसरं काम घेतलं नाही. त्यानं आधी त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून दिली. मग नकलेत पुसल्या गेलेल्या काठांचा शोध सुरू केला. नीलक्का स्टुलावर होतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर पहिला काठ आला, नांगीचा. मग दुसरा, मग एकदम चाळीस. तिनं पदर तोंडाला लावला. महांतेशला वाटलं ती रडतेय, म्हणून तो पाणी आणायला उठला.

"खाली बस. हे तुला येत होतं?"

"येतं, अक्का."

"नव्यात घालताना अख्ख्या डिस्कची अशी नक्कल करून ठेवणं, हेही येत होतं?"

"हो."

"मग का नाही केलंस?"

त्यानं तारा गुंडाळायला घेतल्या. "दिवसाला पंधरा मशीनं येतात. लोकांना फक्त पळायला हवं असतं. आतल्याचं कुणी विचारत नाही."

"मी विचारलं होतं," नीलक्का म्हणाली. "दोनदा."

माफी त्यानं मागितली, ती तिनं ऐकली, पण चालेल, जाऊ दे, असं काही म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही.

एकोणीसशेपैकी अकराशे चाळीस काठ धड परत आले. साठ-सत्तर असे, की वरचा अर्धा काठ नि खाली नुसता करडा पट्टा. बाकीचे फकिरेशच्या दोन लग्नांखाली गाडले गेले. जे आले त्यांतल्या एकाचंही नाव मात्र आलं नाही. नुसते आकडे. रोणची शांतव्वा कुठली नि लक्ष्मेश्वरची गुरुबाळव्वा कुठली, चित्रावरून काहीच कळत नव्हतं.

काही काठ बाहेरून मिळाले. वीरप्पानं पाडलेली कार्डं ज्या विणकरांकडं होती, त्यांच्या घरी नीलक्का गेली. कुणाची माळ्यावर सापडली, कुणी चुलीत घातली होती. चुलीत घातलेल्यांना तिनं जे सुनावलं ते आळीला अजून पाठ आहे. कार्डांवरची भोकं मोजून तिनं दोनशेच्या वर काठ पुन्हा भरले.

आता दर शुक्रवारी भाकऱ्या झाल्या की ती वेगळी डिस्क लावून सगळ्या काठांची नक्कल करून ठेवते. एक प्रत घरात, एक हुबळीला लेकीकडं, एक सोसायटीच्या लोखंडी कपाटात. लेक म्हणते, आई, एवढं कशाला. त्यावर तिला मिळतं ते उत्तर ऐकायला जावई दुसऱ्या खोलीतून येऊन बसतो. मशीन मंद झालं तर ती अजूनही महांतेशकडंच नेते. आळीतल्या बायका विचारतात, एवढं झाल्यावर त्याच्याच दुकानात? ती म्हणते, दुसऱ्याला नव्यानं शिव्या देऊन शिकवायचं वय राहिलं नाही माझं. महांतेश आता मशीन घेताना आतल्या प्रत्येक ड्राइव्हचं नाव कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घेतो, आणि जुनी डिस्क ज्याची त्याला परत देतो.

नावं लावायचं काम अजून चालू आहे. रोज दुपारी ती दहा-वीस चित्रं उघडते आणि काठाकडं बघत बसते. पुष्कळदा आठवतं. लुगड्याला येणारा डांबरगोळ्यांचा वास आठवतो, ट्रंकेचा रंग आठवतो, मग म्हातारीचं तोंड आणि त्यामागून नाव. ते ती टाइप करते. कधी कधी काहीच आठवत नाही. काठ देखणा असतो, चौकोन न् चौकोन तिच्या हातानं भरलेला असतो, आणि तो कुणाच्या अंगावरचा ते तिला सांगता येत नाही.

अशा दिवशी ती स्टेशन रोडला फोन लावते. महांतेश गिऱ्हाईक सोडून उचलतो.

"आणखी एकीचं नाव गेलं बघ तुझ्यापायी," ती म्हणते, आणि मग पाच-दहा मिनिटं बोलत राहते. तो मध्ये बोलत नाही आणि फोनही ठेवत नाही.