आभाळाची हळहळ

काल्हेरजवळच्या एका शाळेच्या गच्चीवर छोटी वेधशाळा आहे. तिथे शनी बघायला गेलो, तर रांगेत माझ्यापुढचे गृहस्थ डोळ्यांवर आडवा हात धरून कुरकुरत होते, "ल्हानपणी अख्खं आभाळ दिसायचं. आता काय न्हाय." समोरच्या गोदामाचा फ्लडलाइट थेट तोंडावर येत होता. गोदाम अर्थातच त्यांचं होतं.

दुर्बीण दाखवणाऱ्या बाईंनी विनवल्यावर त्यांनी मोठ्या मनाने वॉचमनला फोन लावला, "पाच मिनट बत्ती बंद कर." दिवा गेला आणि आभाळ ताऱ्यांनी भरलं. सगळ्यांच्या माना वर. हे मात्र कठड्याला टेकून काळोखातल्या गोदामावर नजर रोखून उभे. नंबर आला तरी वळले नाहीत.

"माझं ऱ्हाऊ द्या. तारे कोण चोरतंय? माल जातो."

मग त्यांनी परत फोन लावला, आणि तारे गेले.