फळ्यावरचे शंभर टक्के

जळगावाबाहेरच्या आमच्या शाळेत निम्मी मुलं आसपासच्या कॉलन्यांतली, निम्मी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून वसतिगृहात आलेली. ऑफिसातल्या क्लार्कबाईंना सगळे अक्का म्हणत. नवं मूल आलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कोनतं गाव तुनं?" मग तोच चष्मा टेबलावर शोधत बसत.

मी मुख्याध्यापक. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलांना मी दाखले देऊन टाकले. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्या, म्हणालो. पाड्यावरच्या एका पोरीचा दाखला लिहिताना अक्का थांबल्या.

"नापास व्हयनी तरी आपलीच शे ना ती, सर?"

"अक्का, दाखला करा."

त्यांनी केला.

निकालाचा फळा दरवर्षी त्याच लिहायच्या, अक्षर मोत्यासारखं. पुढच्या वर्षी निकालाच्या दिवशी त्यांनी खडू माझ्या हातात ठेवला. "तुम्हीच लिखा."

मी लिहिलं. खाली 'हार्दिक अभिनंदन'सुद्धा लिहिलं. त्या पोरीनं फॉर्म भरलाच नव्हता. ती रावेरला केळीचे घड वाहत होती, आणि खडू हातात घेण्याआधीच मला ते ठाऊक होतं.